दिंडोरीकडच्या मुरमाड माळावर, कमी पाण्यात वाईनची द्राक्षं येतील का?

येतात की. मुरमाड जमीन आणि ६०० मीटरच्या आसपासची उंची, दोन्ही तुमच्या बाजूने आहेत. थंडीत दिवसा ऊन आणि रात्री कडाका, त्यामुळे साखर भरते तरी आंबटपणा टिकतो. वाईनला तोच लागतो.

छाटण्या नेहमीच्याच दोन: एप्रिलमध्ये खरड (काडी तयार व्हायला), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी (फळासाठी). पण थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाची, सवय विसरा. जीएची (मणी वाढवणारं संजीवक, जिबरेलिक ॲसिड) डिपिंग, म्हणजे त्यात घड बुडवणं, नको, मणी फुगवणं तर नकोच. शिराझ या लाल वाईनच्या जातीचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा असतो. रंग आणि चव सालीतच असते. रोपं डॉगरिजसारख्या खुंटावर (मुळाकडची वेगळी जात) कलम केलेली घ्या. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागला, की ड्रिप हळूहळू कमी करा. एकदम तोडू नका, वेल सुकते.

गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला तर केवडा (पानांवर-घडांवर येणारा बुरशीचा रोग) येतो, ते टेन्शन इथेही आहेच.

खरी मेख विक्रीत आहे. हा माल बाजार समितीत कोण घेणार? रोपं आणण्याआधी वायनरीशी लेखी करार करा. दर, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आणि माल नाकारला तर काय, हे तिन्ही त्यात हवं. आमच्या शेजाऱ्याने तोंडी शब्दावर दोन एकर लावले, आणि ऐन फेब्रुवारीत वायनरीवाल्याने फोन उचलणं बंद केलं.