इटलीसारख्या कॅथलिक देशात प्रोटेस्टंट आहेत का? त्यांना त्रास होतो का?

मी मूळचा नगरचा, मराठी प्रोटेस्टंट घरातला. नोकरीमुळे इटलीत तोरिनोला राहतो आणि रविवारी तिथल्या वाल्देसी मंडळीत, म्हणजे इटलीतल्या एका जुन्या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये, उपासनेला जातो. तेव्हा जे पाहिलंय त्यावरून सांगतो.

आहेत, आणि वाल्देसींची मुळं तर मार्टिन ल्यूथरच्याही तीनशे वर्षं मागे जातात. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या लियाँच्या वाल्डो नावाच्या व्यापाऱ्याने संपत्ती वाटून टाकली, शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, भाग लोकांच्या बोलीत करवून घेतले आणि तो उपदेश करू लागला. त्याच्यामागे गेलेल्यांना पाखंडी ठरवलं गेलं. ते आल्प्सच्या दऱ्यांत तगून राहिले आणि १५३२ मध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारणेला मिळाले. पुढे १६५५ मध्ये तिथला शासक असलेल्या सव्हॉयच्या ड्यूकच्या सैन्याने त्यांची कत्तल केली. १६८६ मध्ये उरलेल्यांना कैद करून देशाबाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यातले नऊशेच्या आसपास पुरुष जिनिव्हाच्या सरोवरापासून डोंगर तुडवत, लढत परत आले.

१७ फेब्रुवारी १८४८ ला राजा कार्लो आल्बेर्तोने त्यांना नागरी हक्क दिले. बातमी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर होळ्या पेटवून पोचली, असं सांगतात. आजही १६ तारखेच्या रात्री त्या होळ्या पेटतात. पहिल्यांदा त्या दऱ्यांत गेलो तेव्हा गुडघाभर बर्फ होतं. समोरच्या उतारावर एक ठिणगी दिसली, मग तिच्या वर दुसरी, मग तिसरी. शेजारच्या आजी बोटाने एकेका वाडीचं नाव सांगत होत्या. मला काही केल्या बोलता येईना.

त्या राजाज्ञेत एक मेख होती. शिक्षण, पदवी, राजकीय हक्क सगळं मिळालं, पण उपासनेबाबत काहीही बदललेलं नाही, असं त्यातच लिहिलं होतं. माणसाला मोकळीक मिळाली, त्याच्या श्रद्धेला नाही. अल्पसंख्याकांचा प्रश्न नेमका इथे असतो, असं मला वाटतं. त्यांना 'चालवून घेणं' वेगळं आणि बरोबरीचं मानणं वेगळं. बरोबरीने बसून सरकारशी करार व्हायला १९८४ साल उजाडलं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस तोरिनोच्या वाल्देसी चर्चमध्ये आले आणि त्यांनी कॅथलिक चर्चच्या वतीने क्षमा मागितली.

आता छळ नाही. पण लोकांना आपण दिसतच नाही, हे आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती म्हटलं की 'गोव्याचे का?' विचारतात, इथे प्रोटेस्टंट म्हटलं की 'म्हणजे जर्मन?' असं विचारतात. आमच्या मंडळीतल्या एका मुलीच्या वर्गात धर्माच्या तासाला ती एकटीच उठून बाहेर जाते. सक्ती कोणी करत नाही. तरी आठ वर्षांच्या पोराला दर आठवड्याला सगळ्यांसमोर उठून जाणं सोपं नसतं.

मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्यांच्या पैशाच्या व्यवहाराचा. इटलीत प्राप्तिकरातला हजारी आठ हिस्सा कुठल्या चर्चला किंवा सरकारला द्यायचा, हे करदाता सही करून ठरवतो. वाल्देसी आणि त्यांच्याशी जोडलेले मेथडिस्ट (आणखी एक प्रोटेस्टंट पंथ) मिळून काही हजार, पण त्यांच्या नावाने सह्या येतात त्या लाखांत. म्हणजे सही करणारे बहुतेक बाहेरचेच. या पैशातून पाळकांचे, म्हणजे धर्मगुरूंचे, पगार होत नाहीत, उपासनेचा खर्चही नाही. तो सगळा समाजकार्याला आणि सांस्कृतिक कामाला जातो. पाळकांचं मंडळी आपल्या वर्गणीतून बघते.

त्यांच्या चर्चला ते 'तेंपियो' म्हणतात, म्हणजे शब्दशः देऊळच. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळ म्हणत, त्यामुळे तो शब्द पहिल्यांदा ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. आत मूर्ती नाहीत, मेजावर उघडं शास्त्र. पाळक बाईसुद्धा असतात. तो निर्णय १९६२ चा.

कधी आलात तर फेब्रुवारीत त्या दऱ्यांतल्या तोर्रे पेल्लिचे गावाला जा. तोरिनोहून पिनेरोलोपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस. होळी १६ च्या रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी उपासना, मग सगळ्यांचं एकत्र जेवण. जाड बूट घाला.