‘गुडविल’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? त्याला सदिच्छा म्हणावं का?

दोन देशांमधल्या गुडविलला खुशाल सदिच्छा म्हणा. इंग्रजीतला जुना अर्थही तोच, दुसऱ्याचं भलं चिंतणं. घोळ होतो तो दुकान विकताना ‘गुडविलचे इतके’ म्हणतात तिथे.

मी बडोद्याचा, कॉमर्स गुजरातीत शिकलो. आमच्या पुस्तकात गुडविलला ‘पाघडी’ होतं. घरी मराठीत पागडी म्हणजे भाड्याच्या जागेसाठी वर मोजायची रक्कम, त्यामुळे तो धडा मला कितीतरी दिवस उमगलाच नाही. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत त्यालाच ‘ख्याती’ म्हणतात. पाघडी म्हणजे पगडी, तिच्यात मान आला, ख्यातीत नाव आलं; मूळ शब्दातली इच्छा मात्र दोन्हीकडे गळाली. आणि ही इच्छा गिऱ्हाइकाची!

बाबांनी दांडिया बाजारातलं शिलाईचं दुकान विकलं तेव्हा मला हे कळलं. घेणाऱ्याने मशिनी भंगारापेक्षा थोड्या बऱ्या भावात धरल्या. मग त्याने मापाची वही मागितली. लाल कापडी बांधणी, कडा हाताळून काळ्या पडलेल्या. पानोपानी छाती, कंबर, बाही, आणि बाजूला बाबांच्या अक्षरात ‘डावा खांदा उतरता’, ‘खिसा आतून’. ती वही आणि बोर्डावरचं नाव, याचे त्याने मशिनींहून जास्त मोजले. हिशेबात ही रक्कम कुठेच नव्हती, कारण स्वतः कमावलेलं गुडविल ताळेबंदात दाखवत नाहीत. विकत घेतलेलंच दाखवतात.

त्याची एक अट होती, बाबांनी जवळपास पुन्हा दुकान टाकायचं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ एरवी असली बंधनं मानत नाही, पण गुडविल विकणाऱ्यावर ठरावीक हद्दीपुरतं वाजवी बंधन चालतं.

धंद्याच्या अर्थाने हा शब्द १५७१ च्या एका इंग्रजी मृत्युपत्रात सापडतो, दगडाच्या खाणीच्या संदर्भात. पुढे १८१० मध्ये लॉर्ड एल्डन या न्यायाधीशांनी अर्थ सांगितला तो असा: जुनी गिऱ्हाइकं जुन्याच जागी येत राहण्याची शक्यता. याहून सोपं मला सांगता येणार नाही. मराठीत मला सर्वांत जवळचं वाटतं ते ‘बांधलेलं गिऱ्हाईक’.

विक्रीनंतर महिनाभर बाबा रोज सकाळी त्या दुकानात जाऊन बसत. घेणाऱ्यानेच तशी गळ घातली होती. कुणी कापड घेऊन आलं की म्हणत, “यांच्याकडे द्या. तुमचं माप आहे इथे.”