वस्ती न उठवता घरे

प्रश्न : वस्तीसुधारणेचा आराखडा आखताना रहिवाशांना खरोखर सामावून घेता येते का?

उत्तर : निश्चित येते. पुण्यातील येरवड्यात २००९ च्या सुमारास ‘महिला मिलन’ व ‘स्पार्क’ या संस्थांसोबत वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी हेच केले. सरसकट वस्ती हटवण्याऐवजी फक्त कच्ची घरे पाडून त्याच जागी सुमारे २७० चौरस फुटांची पक्की घरे बांधण्यात आली आणि जिना, मोरी, ओटा कुठे असावा याबाबत त्या त्या कुटुंबाचे मत विचारात घेतले गेले. खर्चाचा दहावा हिस्सा लाभार्थ्यांनी द्यायचा होता. गल्ल्या व शेजार टिकून राहिले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. आपणही प्रथम घरोघरचे मोजमाप रहिवाशांना, विशेषतः महिलांना, सोबत घेऊन करावे. नकाशाला हात त्यानंतरच घालावा.