साहेबांसमोर पैसे वापरल्याचं कबूल केलं, आता लेखी मागताहेत. तुरुंगात जावं लागेल का?

वसुलीचे पैसे तुम्ही परस्पर वापरलेत, तोंडी कबूलही केलंत, आणि आता माफीनामा मागताहेत. भारतातल्या कायद्याप्रमाणे सांगतो.

लिहून दिलं म्हणून कोणी थेट तुरुंगात जात नाही. मालकाला दिलेली कबुली हा एकटा असेल तर कच्चा पुरावा. न्यायालय सहसा सोबत पावत्या, कॅशबुक जुळतं का ते बघतं. पण तुमच्या बाबतीत ते कागद कंपनीकडे असणारच, म्हणून कबुली हलक्यात घेऊ नका.

पैसे विश्वासाने तुमच्या हाती दिलेले होते, त्यामुळे हा न्यासभंग: भारतीय न्याय संहिता, कलम ३१६(४). गोदामातला माल उचलला असता तर कलम ३०६ लागलं असतं. दोन्हींत सात वर्षांपर्यंत कैद, दोन्ही अजामीनपात्र. म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो न्यायालय ठरवतं. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली तर तारीख चुकवू नका, चुकवलीत की अटकेला कारण मिळतं. १ जुलै २०२४ च्या आधीचे पैसे असतील तर जुन्या दंडविधानाचं कलम ४०८.

खरा घोळ माफीनाम्यात होतो. 'मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय' हे वाक्य आधीच टाइप केलेलं असतं आणि रकमेची जागा कोरी. अशा कागदावर सही करू नका. पावती पुस्तकाच्या स्थळप्रती आणि बँकेत भरणा केल्याच्या स्लिपा समोर ठेवून फरक काढा. जुनी तूट तुमच्या नावावर चढते ती इथेच. 'लिहून दे, पोलिसांत जाणार नाही' असं कोणी म्हटलं असेल तर नेमके शब्द, तारीख, हजर माणसं आजच टिपून ठेवा. अधिकारातल्या माणसाने आमिष किंवा धमकी देऊन घेतलेली कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम २२ खाली बाद होऊ शकते. तारण म्हणून कोरा चेक तर अजिबात नको. तो वटला नाही की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकसारख्या कागदांचा कायदा) कलम १३८ ची वेगळी केस.

पैसे भरल्याने गुन्हा पुसला जात नाही, पण जामिनाच्या आणि शिक्षेच्या वेळी फरक पडतो. बँकेतूनच भरा, पावती घ्या. गुन्हा दाखल झाल्यावर तडजोड होते, मात्र न्यायालयाच्या परवानगीने.

नोकरी वाचणं अवघड आहे, हे स्पष्ट सांगतो. खात्यांतर्गत चौकशीत कबुली पुरते, आणि पुढे फौजदारीत सुटलात तरी बडतर्फी आपोआप रद्द होत नाही. सही करण्याआधी तो मसुदा फौजदारी वकिलाला दाखवा. त्यासाठी दोन दिवसांची मुदत लेखी मागा.