कोल्हापुरात छोट्या संस्थेला संगीत नाटकाच्या प्रयोगासाठी पडद्यामागे किती माणसं लागतात?

नटमंडळी सोडून दहा-बारा. सात-आठांतही भागवतात, पण मग नेपथ्य हलवणाराच विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, प्रॉम्प्टिंग करतो (नटांना संवाद सुचवतो) आणि प्रवेश बदलताना दोन्हीकडे घोळ होतो.

साथीला ऑर्गन आणि तबला पुरतो. व्हायोलिन मिळालं तर उत्तम. खरी अडचण पट्टीची, म्हणजे गायक ज्या मूळ सुरात गातो त्याची. ती पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात. नायक काळी एकमध्ये आणि नायिका काळी पाचमध्ये गाणार असेल तर तबलजीकडे दोन वेगळ्या सुरांचे तबले लावून तयार हवेत. एकच तबला एवढा चढवायला गेलात तर पुडी (तबल्याचं कातडं) फाटेल. ऑर्गनचा सूर जागचा हलत नाही, म्हणून तबला त्याला जुळवायचा. इथल्या पावसाळी दमट हवेत पुडी सैल पडून सूर उतरतो, तेव्हा मध्यंतरात पुन्हा लावायला वेळ ठेवा. साथीदार गायकाला दिसतील असे रंगमंचासमोर बसवा. विंगेत कोंबले की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, चुकामूक ठरलेली.

रंगभूषाकार दोन, शिवाय नऊवारी नेसवणारी एक बाई. प्रकाश आणि ध्वनीला एकेक. दोघांनी निदान एक तालीम बघायलाच हवी, नाहीतर पदाच्या मधेच अंधार!

व्यवस्थापक मात्र खमका बघा. लेखकाची परवानगी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि नाट्यगृहाची तारीख हे सगळं त्याच्याच गळ्यात. केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली होती, त्यामुळे तिथली सद्यस्थिती प्रत्यक्ष विचारूनच जाहिरात छापा.