कॅलरी मोजू की नको? एका ताईंची केस

"मॅडम, मी दिवसाला 1200 कॅलरीच्या वर एक दिवस पण गेले नाही, तरी काटा हलत नाही. आता 1000 करू का?"

हा प्रश्न महिन्यातून कितीतरी जणी विचारतात. मी आहार समुपदेशन करते, गोव्यात फोंड्याला बसते. त्यातली एक केस सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदललेत. ताई चाळिशीच्या, नोकरी पणजीत, रोज कदंबाच्या बसने ये-जा, उंची 155 सेंटिमीटर, वजन 71 किलो. थायरॉइड, शुगर सगळं तपासून झालेलं, नॉर्मल.

मोबाइलवर ॲप, त्यात सगळं टिपलेलं. मी बघत गेले तर सकाळी चार डायजेस्टिव्ह बिस्किटं नि बिनसाखरेची कॉफी, दुपारी पाकिटातले मसाला ओट्स, चार वाजता डाएट खाकरा, रात्री सॅलड. मी विचारलं, अहो ताई, घरात शीतकडी (भात नि माशाची कडी) होत नाही का? तर म्हणाल्या, "होते की, पण सासूबाई हुमणाला, म्हणजे माशाच्या कडीला, नारळ वाटतात, त्याचा आकडा कुठून आणू? ॲपमध्ये हुमण सापडत नाही. बिस्किटाच्या पाकिटावर छापलेलं असतं."

इथेच सगळी गोम आहे. ज्याचा आकडा मिळतो ते खायचं आणि मिळत नाही ते सोडायचं, म्हणजे मोजण्याच्या नादात बांगडा, तांबडी भाजी, अळसांद्यांचं टोणक (चवळीसारख्या कडधान्याची आमटी) गेलं आणि मैदा-साखर-पामतेल राहिलं. एक डायजेस्टिव्ह साधारण 70 कॅलरी, चार म्हणजे 280, आणि अकरा वाजता परत पोटात कावळे. बरं हे सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी ॲप बंद, भाजीपाव, मिरची भजी, दुपारी शागोती (चिकन-मटणाचा रस्सा) नि वडे, आणि रोज रात्री साडेनऊनंतर फ्रिजसमोर उभं राहून जे तोंडात गेलं तेही नोंदलेलं नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या हं, पाच दिवस कोंडलेली भूक दोन दिवसात वसूल होते, एवढंच.

आता लगेच कोणी म्हणेल, बघा, कॅलरी बिलरी सगळं झूट, फक्त "नॅचरल" खा. तर या ताईंच्या मिस्टरांचं ऐका. त्यांनी साखर, बेकरी सगळं बंद केलं होतं, आणि वजन दोन किलो वाढलं! का? तर टीव्हीसमोर काजूची बरणी, गोव्याचे काजू, घरचे, चांगलेच ना. 50 ग्रॅम काजू म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी, आणि ते हातात कधी येतात कधी संपतात कळत नाही. एका मध्यम नारळाच्या खोबऱ्यात हजाराच्या वर. चौघांच्या हुमणात वाटला तर काही बिघडत नाही, पण वर सुक्या भाजीत खोबरं, गोडात खोबरं... शरीराला खर्चापेक्षा जास्त मिळालं की ते साठवणारच, ते काजूतून आलं की बिस्किटातून हे विचारत नाही.

मग क्वालिटीचा उपयोग काय? माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग भुकेवर. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत केविन हॉल या संशोधकांच्या टीमने 20 जणांना तिथेच ठेवून घेतलं, दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पॅक्ड खाणं आणि दोन आठवडे साधं ताजं अन्न, समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखंच, आणि हवं तेवढं खायची मुभा. पॅक्ड खाण्यावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली, वजन जवळपास एक किलो वाढलं, ताज्यावर तेवढंच उतरलं. 2019 चा अभ्यास आहे हा. म्हणजे अन्न चांगलं असलं की आकडा बऱ्यापैकी आपोआप खाली येतो. शिवाय प्रोटीन पचवायलाच त्यातली 20 ते 30 टक्के एनर्जी जाते, फॅटची जेमतेम 3 टक्क्यांपर्यंत.

ताईंचं आम्ही काय केलं? 1000 ला मी स्पष्ट नाही म्हटलं. ॲप दोन आठवडे ठेवलं, पण घरच्या जेवणासाठी, आणि रविवारसकट. एक वाटी उकड्या तांदळाचा भात किती, मोठा चमचाभर तेल किती (120 कॅलरी, हे ऐकून बहुतेक जणी दचकतात) एवढा अंदाज डोळ्यात बसला की ॲप बंद. सकाळी नाचण्याचं तिजान (गोड पेज) कमी गुळाचं, नाहीतर एक पोई (गोव्याचा गव्हाचा पाव) आणि टोणक. दुपारी ताटात आधी भाजी, मग मासा, मग एक वाटी भात. बांगडा रव्यात तळण्याऐवजी हुमणात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडी, मूग, चवळी, कारण तेव्हा ताटात नुसता भात वाढतो हे मी दरवर्षी बघते.

आणि तेल. तेलाच्या पाकिटावर फोडल्याची तारीख पेनाने लिहायची. चार माणसांत एक लिटर नऊ-दहा दिवस पुरलं तर माणशी रोज 25 ग्रॅमच्या आसपास, ठीक. यांचं पाच दिवसात संपत होतं! सासूबाईंना आधी राग आला, मग त्याच तारीख घालायला लागल्या.

सहा महिन्यात पाच किलो उतरलं. फार नाही वाटत? 71 वर ते सात टक्के झालं, आणि रात्रीची फ्रिजवारी थांबली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मध्ये चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्याच, त्या महिन्यात काटा जागेवर होता, चालायचंच.

एक मात्र, ज्यांना आकडा चुकला की रडू येतं, उपाशी राहून भरपाई करावीशी वाटते, त्यांना मी मोजायला लावतच नाही, दोन आठवडे पण नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाही आकडा पकडू नये.

बाकी कोणी अपॉइंटमेंट घेतली की मी ॲपचा स्क्रीनशॉट मागत नाही. तीन दिवसांचं लिहून आणा म्हणते, त्यात एक रविवार, आणि तेलाचं पाकीट किती दिवस गेलं ते.