कादंबरी स्वतः छापावी का? आधी वाचक मोजा, मग प्रती

60,000 शब्दांची पहिली कादंबरी तयार आहे, प्रकाशकांकडून उत्तर येत नाही, तर पदरचे पैसे घालून पुस्तक काढावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

माझ्या मते हा निर्णय एका गोष्टीवर ठरतो: पुस्तक आल्यावर ते विकत घेतील अशा माणसांची यादी तुम्ही आज करू शकता का? छपाई हा यातला सगळ्यात सोपा भाग. अडतं ते विक्रीपाशी. अनोळखी लेखकाचं एकुलतं एक पुस्तक दुकानदार सहसा ठेवत नाही, ठेवलं तरी पैसे विक्रीनंतर आणि न खपलेल्या प्रती परत. प्रकाशकाची वाट पाहायची ती मुख्यतः त्याच्या वितरणासाठी. पुस्तक एखाद्या छंदावर किंवा व्यवसायावर असेल आणि त्या वर्तुळात तुमची आधीच ऊठबस असेल, तर स्वतः काढणं बरेचदा जास्त फायद्याचं. कादंबरीला असं तयार वर्तुळ नसतं, म्हणून तिथे हिशेब कडक हवा.

तो असा मांडा. छापील किंमत 100 धरली तर वितरक आणि दुकानदार मिळून 45 घेतील, छपाई 25च्या आत बसवायची, हातात उरतील 30. संपादन, मुद्रितशोधन (छापण्याआधी अक्षरांच्या चुका शोधणं), मांडणी आणि मुखपृष्ठ यांचा एकूण खर्च 120 प्रतींच्या छापील किमतीइतका झाला, तर तो भरून यायला दुकानांतून 400 प्रती खपाव्या लागतात. थेट वाचकाला विकल्या आणि टपालखर्च त्याने दिला, तर 160 पुरतात. पडून राहिलेल्या प्रतींचा छपाईखर्च यात धरलेला नाही, तो वेगळा. आलेला आकडा तुमच्या यादीपेक्षा मोठा असेल तर थांबा.

ऑफसेट छपाईत, म्हणजे प्लेट बनवून मोठ्या मशीनवर होणाऱ्या छपाईत, प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च 100 प्रतींना आणि 1000 प्रतींना जवळपास सारखाच, त्यामुळे हजारात प्रत स्वस्त दिसते आणि लोक फसतात. न खपलेली स्वस्त प्रत हीच सगळ्यात महाग प्रत. पहिल्यांदा डिजिटल छपाईवर 100-150 प्रती काढा, किंवा मागणीनुसार छपाई वापरा, म्हणजे ऑर्डर आली की तेवढीच प्रत छापायची. साडेपाच बाय साडेआठ इंचांत पानाला 250-300 शब्द बसतात, म्हणजे 200 ते 240 पानं. पुढे ऑफसेटला गेलात तर फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापला जाणारा पानांचा गट) बहुधा 16 पानांचा असतो, म्हणून 208, 224 किंवा 240 पानांवर थांबा.

काटकसर संपादनात करू नका. मुद्रितशोधन हे वेगळं काम आहे, ते मांडणी झाल्यावर किमान दोनदा व्हावं आणि लेखकाने एकट्याने करू नये, कारण लेखकाचा डोळा मनातलं वाक्य वाचतो. पुस्तकाच्या कण्याची (पाठीची) रुंदी पानसंख्येवर आणि कागदाच्या जाडीवर ठरते, तेव्हा मुखपृष्ठाची अंतिम फाइल पानं पक्की झाल्यावरच करून घ्या. कागद कापताना पांढरी कड राहू नये म्हणून कडेने 3 मिलिमीटर जादा रंग, चित्रं 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), आणि एक प्रत हातात घेऊन तपासल्याशिवाय बाकीच्या छापायला सांगू नका.

मजकूर सुरुवातीपासून युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या डीटीपी फॉन्टमधून ई-पुस्तक करायला गेलं की रफार आणि जोडाक्षरं मोडतात, मग सगळं पुन्हा तपासत बसावं लागतं. ई-पुस्तक आणि छापील प्रत या दोन्हींना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) घेतलात तर ते वेगवेगळे लागतात. अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वतः पुस्तक प्रसिद्ध करण्याच्या सेवेवर ई-पुस्तकाला 35 किंवा 70 टक्के रॉयल्टी मिळते, मात्र 70साठी किमतीची मर्यादा आणि इतर अटी आहेत. केडीपीच्या ‘सिलेक्ट’ योजनेत गेलात तर 90 दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही देता येत नाही.

एक धोका निर्णयाआधीच ओळखा: आधी प्रसिद्ध झालेली कादंबरी बरेच प्रकाशक पुन्हा घेत नाहीत. म्हणून जिथे पाठवली आहे तिथून लेखी नकार घ्या, किंवा हस्तलिखित मागे घेत असल्याचं कळवा.

आणि लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणारी संस्था गाठलीत, तर करारात चार गोष्टी पाहा: स्वामित्वहक्क कोणाकडे, आयएसबीएनवर प्रकाशक म्हणून कोणाचं नाव, अंतिम फाइल तुम्हाला मिळणार का, आणि करार मोडायची मुदत किती. खर्च तुमचा आणि हक्क त्यांचे असं असेल तर सही करू नका.